वेदी आणि बाजार : काचेच्या एका चर्चची कथा

१/ १८ ऑक्टोबर २०१०. कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथील ‘क्रिस्टल कॅथेड्रल’ या जगप्रसिद्ध चर्चने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयात अर्ज दाखल केला. कर्जाचा आकडा ४ कोटी डॉलरांच्या पुढे गेला होता. धनकोंच्या यादीत बँकेबरोबरच नाताळच्या भव्य नाट्यप्रयोगासाठी जिवंत जनावरे पुरवणारेही होते. उपासनेचे एक स्थान उंटांच्या भाड्यापायी कर्जबाजारी व्हावे, हे कसे घडले?

२/ या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीच्या हिशेबी चुकांत सापडत नाही. त्यासाठी जवळजवळ दोन हजार वर्षे मागे जावे लागते. ख्रिस्ती उपासना मुळात कशासाठी होती, तिची रचना कशी होती, आणि भाविकाचा ‘ग्राहक’ कसा होत गेला, याचा हा धागा.

३/ आरंभ एका शब्दापासून. ख्रिस्ती उपासनाविधीला ‘लितुर्गिया’ म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक नगरराज्यांतला. प्राचीन अथेन्समध्ये धनिक नागरिकाने स्वतःच्या खर्चाने युद्धनौका सज्ज करणे किंवा उत्सवातील गायकवृंदाचा खर्च उचलणे, या सार्वजनिक कर्तव्याला हे नाव होते. स्वतःच्या पदरचे खर्चून सर्वांसाठी केलेले काम, हा त्याचा अर्थ. ख्रिस्ती समाजाने नेमका हाच शब्द आपल्या उपासनेसाठी रूढ केला. म्हणजे त्या शब्दात घेण्यापेक्षा देणे पहिल्यापासून मुरलेले होते.

४/ इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती समाजाची कैफियत लिहिली. तिच्या अखेरीस रविवारच्या सभेचे वर्णन येते. शहरांतले आणि खेड्यांतले लोक एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जातात. मग सभेचा प्रमुख उपदेश करतो. त्यानंतर सगळे उठून उभे राहतात व प्रार्थना करतात.

५/ पुढे भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. प्रमुख उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणतो आणि लोक ‘आमेन’ म्हणून तिला संमती देतात. प्रसाद वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो घरी नेऊन देतात. ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने दान देतात. ते दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी प्रमुखाकडे ठेवले जाते.

६/ एकत्र येणे, वचन ऐकणे, मेजाभोवती सहभागी होणे आणि जगात परत पाठवले जाणे, असा या विधीचा चौपदरी सांगाडा अभ्यासक दाखवतात. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील मंडळ्यांत भाषा बदलल्या, पोशाख बदलले, संगीत बदलले. हा सांगाडा मात्र दीर्घकाळ टिकला. पाश्चात्त्य उपासनेचे ‘मिस्सा’ हे नावदेखील अखेरच्या निरोपाच्या लॅटिन शब्दावरून पडले. निघून जाण्याच्या आज्ञेवरून संपूर्ण विधीला नाव मिळावे, हे लक्षणीय आहे.

७/ या जुन्या रचनेत दोन गोष्टी आजच्या नजरेला चमत्कारिक वाटतात. पहिली, नवागताला तिथे सगळे खुले नव्हते. पुढील काळात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना उपदेश संपताच बाहेर पाठवले जाई. प्रभुभोजन फक्त दीक्षितांसाठी असे. दुसरी, वेळ कुणाच्या सोयीची नव्हती. कॉन्स्टन्टाईनने ३२१मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवीपर्यंत रोमन जगात तो इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस होता. भाविकांची सोय हा या उपासनेचा निकष नव्हता.

८/ तथापि, बाजार आणि वेदी यांची गाठ आधुनिक काळातच पडली असे मानणे चूक ठरेल. शुभवर्तमानांत येशू यरुशलेमच्या मंदिरातील सराफांचे चौरंग उलथतो. मध्ययुगीन युरोपात मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा करवून घेण्यासाठी मोठमोठ्या देणग्या ठेवल्या जात. १५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने ज्या पापदंडमाफीच्या पत्रांवर टीका केली, त्यांची विक्री मोहिमा काढून होत असे.

९/ धर्मसुधारणेने ही विक्री नाकारली. पण पैशाने चर्चमध्ये दुसरी वाट शोधली. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकोणिसाव्या शतकात बाकांच्या भाड्यावर चालत. पुढची बाके महाग, मागची स्वस्त, गरिबांना कोपरा किंवा सज्जा. ज्या विधीत सर्वांनी एकाच भाकरीत वाटा घ्यायचा, त्या विधीला बसण्याची जागा ऐपतीप्रमाणे ठरू लागली.

१०/ आता रंगमंचावर चार्ल्स फिनी येतो. १८२५मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर हे व्यापाराने भरभराटलेले गाव बनले. १८३०-३१च्या हिवाळ्यात तेथे फिनीच्या सभांनी धार्मिक जागृतीची लाट उसळली. फिनी मूळचा वकिलीचा उमेदवार. साक्षीदार-पुराव्याच्या थाटात तो श्रोत्यांशी थेट बोलत असे आणि तिथल्या तिथे निर्णय मागत असे.

११/ त्याच्या पद्धतींना ‘नवे उपाय’ म्हणत. रोज रात्री लांबणाऱ्या सभा, नाव घेऊन केलेल्या प्रार्थना, आणि द्विधा मनःस्थितीतल्या माणसांनी पुढे येऊन बसावे म्हणून राखलेले खास बाक. १८३५मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने ठामपणे मांडले की, जागृती हा चमत्कार नव्हे. योग्य साधने योग्य रीतीने वापरल्याचे ते फळ आहे. शेतकरी पेरतो आणि पीक येते, तसेच.

१२/ या विधानाचे परिणाम दूरगामी होते. उपासना ही साधन ठरली की तिची कसोटीही बदलते. ‘हा विधी सत्याला धरून आहे का?’ या प्रश्नाची जागा ‘याने किती माणसे वळली?’ हा प्रश्न घेतो. माणसे मोजता येतात. आणि जे मोजता येते, त्यात वाढ करण्याचे तंत्रही शोधता येते.

१३/ १८३२मध्ये न्यूयॉर्कमधील चॅथम स्ट्रीटवरचे एक नाट्यगृह भाड्याने घेऊन फिनीसाठी त्याचे उपासनागृहात रूपांतर करण्यात आले. नाट्यगृहाची बैठकव्यवस्था आणि रंगमंच उपासनेच्या कामी आला. पण त्याच वेळी इथे बाकांचे भाडे रद्द झाले होते. कोणीही कुठेही बसावे. रंगभूमीची रचना आणि समतेचा आग्रह एकाच छपराखाली नांदत होते.

१४/ फिनीला नुसता गर्दी जमवणारा ठरवणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कमध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्यास त्याने नकार दिला. त्याचे सभागृह गुलामगिरीविरोधी चळवळीचे केंद्र बनले. म्हणजे दार सर्वांना उघडे होते, पण मेज अजूनही माणसाकडून काही मागत होते. पुढे त्याच्या तंत्राचा प्रसार वेगाने झाला; ही मागणी मात्र त्या वेगाने पसरली नाही.

१५/ रचना बदलली ती अशी. मन वळवण्यासाठी आधी गीते, मग मुख्य भाग म्हणून उपदेश, अखेरीस निर्णयाचे आवाहन. वचन आणि मेज या दोन खांबांपैकी मेज कडेला सरकले. १८४३मध्ये जॉन विल्यमसन नेव्हिन या धर्मशास्त्रज्ञाने त्या खास बाकावरच पुस्तिका लिहून टीका केली. क्षणाच्या उमाळ्यावर उभी असलेली ‘बाकाची पद्धत’ आणि वर्षानुवर्षांच्या शिकवणीतून माणूस घडवणारी ‘प्रश्नोत्तरीची पद्धत’ या दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन होते.

१६/ चर्च नाट्यगृहासारखे होत असताना दुकान चर्चसारखे होत होते. फिलाडेल्फियाचा जॉन वॉनमेकर हा श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन. १८५८मध्ये त्याने बेथनी रविवारची शाळा सुरू केली. ती अतिशय मोठी झाली. त्याच माणसाने अमेरिकेतील अग्रगण्य डिपार्टमेंट स्टोअर उभारले. घासाघीस नको, प्रत्येक वस्तूवर एकच भाव, माल न आवडल्यास पैसे परत, ही त्याची ख्याती.

१७/ त्याच्या दुकानाच्या मध्यभागी अनेक मजले उंच भव्य दालन होते. १९०४च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनातला प्रचंड ऑर्गन विकत घेऊन त्याने या दालनात बसवला. २२ जून १९११ रोजी तो प्रथम वाजला. तेथे नाताळात ग्राहक भक्तिगीते गात. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये वूलवर्थ इमारत उभी राहिली. किरकोळ विक्रीच्या पैशातून उभारलेल्या त्या गॉथिक शैलीच्या मनोऱ्याला ‘व्यापाराचे कॅथेड्रल’ हे बिरुद चिकटले. उंची, नाद, प्रकाश, विस्मय ही कॅथेड्रलची भाषा बाजाराने आत्मसात केली होती.

१८/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे फोफावली आणि मोटार हेच जणू कुटुंबाचे दुसरे घर बनले. १९५५मध्ये रिफॉर्म्ड चर्चचा तरुण पाळक रॉबर्ट शूलर ५०० डॉलर घेऊन ऑरेंज परगण्यात आला. सभागृह मिळेना, तेव्हा त्याने गाडीत बसून चित्रपट पाहण्याचे मैदान रविवार सकाळपुरते भाड्याने घेतले. खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर उभे राहून तो उपदेश करी. लोक गाडीत बसून ऐकत. ‘जसे आहात तसे, आपल्या गाडीतून या’, असा जाहिरातीचा रोख होता. त्याच वर्षी १७ जुलैला शेजारच्या अनाहाईममध्ये डिस्नेलँड उघडले.

१९/ ही कल्पना हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण शूलर एका वृद्ध शेतकऱ्याची गोष्ट सांगत असे. त्याच्या पत्नीला अर्धांगवायू झाला होता. तिला गाडीतून उतरता येत नव्हते. मैदानातल्या उपासनेमुळेच ती मंडळीत सामील होऊ शकली. जस्टिनच्या काळी सेवक प्रसाद घेऊन आजाऱ्याच्या घरी जात; इथे आजारी माणूसच गाडीसह उपासनेला येत होता. सोयीमागे नेहमी चैनच असते असे नाही. कधी ती करुणाही असते.

२०/ १९६१मध्ये वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा याने शूलरसाठी आत बाके आणि बाहेर गाड्या, दोन्हींना सामावून घेणारे चर्च बांधले. १९७०मध्ये ‘अवर ऑफ पॉवर’ ही दूरचित्रवाणीवरील उपासना सुरू झाली. आता गाडीचीही गरज उरली नाही. प्रेक्षक घरी खुर्चीत, उपदेशक पडद्यावर, आणि दान टपालाने. ‘आमेन’ म्हणणारा आवाज मात्र आता चर्चपर्यंत पोहोचत नव्हता.

२१/ शूलरने आपले तत्त्व लपवले नाही. १९७४च्या पुस्तकात त्याने यशस्वी किरकोळ विक्रीची तत्त्वे मंडळ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवली. पोहोचायला सोपी जागा, गरजेपेक्षा जास्त पार्किंग, मालाची विविधता, सेवा, लोकांच्या नजरेत राहणे, आशावादी विचार आणि पैशाचा सुरळीत ओघ. चर्च म्हणजे अध्यात्माचे शॉपिंग सेंटर, ही उपमा त्याला कमीपणाची वाटत नव्हती. पापाची भाषा माणसाला खचवते, म्हणून आत्मसन्मानाची भाषा बोलावी, हा त्याचा आग्रह होता.

२२/ १९८०मध्ये फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी रचलेले क्रिस्टल कॅथेड्रल उभे राहिले. दहा हजारांहून अधिक काचा, आत पावणेतीन हजारांच्या आसपास आसने. सुमारे ९० फूट उंचीची दोन दारे उघडत, म्हणजे बाहेर गाड्यांत बसलेल्यांनाही उपदेशक दिसे. नाताळच्या प्रयोगात जिवंत उंट चालत आणि देवदूत तारांवरून उडत. दृश्य म्हणून ते विलक्षण होते यात शंका नाही.

२३/ शूलरच्या प्रशिक्षण संस्थेत शिकून गेलेल्यांपैकी एक बिल हायबेल्स. १९७५मध्ये शिकागोजवळ एका चित्रपटगृहात विलो क्रीक मंडळीची सुरुवात झाली. आधी घरोघरी फिरून विचारण्यात आले : आपण चर्चला का जात नाही? सतत पैसे मागतात, कंटाळवाणे असते, जगण्याशी संबंध नसतो, अशी उत्तरे आली. त्यानुसार शनिवार-रविवारच्या सभा बेतल्या गेल्या : समकालीन संगीत, छोटी नाटुकली, व्यवहारोपयोगी उपदेश. जुन्या विश्वासूंची उपासना आणि प्रभुभोजन आठवड्याच्या मधल्या दिवशी गेले. जुन्या रचनेत नवागताने मेजापूर्वी बाहेर पडायचे. विसाव्या शतकात मेजानेच नवागताची वेळ सोडून दिली.

२४/ आणि मग एक प्रांजळ कबुली आली. २००७मध्ये विलो क्रीकने स्वतःच्याच सदस्यांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून आध्यात्मिक वाढ होतेच असे नाही, असे त्यांत आढळले. मागणीनुसार पुरवठा करण्याची पद्धत ज्यांनी जगभर नेली, त्यांनीच तिची मर्यादा मान्य केली.

२५/ ही मर्यादा काय, हे गार्डन ग्रोव्हमध्ये उघडे पडले. ग्राहकाची निष्ठा वस्तूवर असते. वस्तू जुनी झाली, विक्रेता बदलला की तो दुसरीकडे वळतो. २००६मध्ये शूलरने मुलाकडे सूत्रे दिली. दोनच वर्षांत पितापुत्रांत बेबनाव झाला. प्रेक्षक घटले, मंदी आली, देणग्या आटल्या. काचा, कारंजी, देखावे यांचा खर्च मात्र तसाच राहिला. एका चेहऱ्यावर उभी असलेली उपासना त्या चेहऱ्याबरोबरच उताराला लागली.

२६/ दरम्यान उलट दिशेनेही एक प्रवाह वाहत होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. उपासनेत लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हवा, हे त्याचे सूत्र. लोकांनी मूक प्रेक्षक असू नये, ही चिंता इथेही होती. उपाय मात्र वेगळा. त्यासाठी अभ्यासक जस्टिनसारख्या आद्य साक्षींकडे वळले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही वचन आणि मेज यांचा जुना तोल पुन्हा साधण्याचा प्रयत्न केला.

२७/ २०१२मध्ये क्रिस्टल कॅथेड्रल ५ कोटी ७५ लाख डॉलरांना ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतले. दीर्घ नूतनीकरणानंतर ‘ख्राइस्ट कॅथेड्रल’ म्हणून त्याचे समर्पण झाले, ती तारीख १७ जुलै २०१९. डिस्नेलँडच्या उद्घाटनाचाच तो दिवस, चौसष्ट वर्षांनंतरचा. काचा तशाच राहिल्या. बदलली ती आतली मांडणी. रंगमंचाकडे तोंड करून बसण्याऐवजी वेदी मध्याजवळ आली आणि लोक तिच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर बसू लागले.

२८/ हा एका पंथाचा दुसऱ्या पंथावरील विजय समजू नये. नूतनीकरणाला कोट्यवधी डॉलर लागले. सुंदर इमारतीत माणूस इथेही निव्वळ प्रेक्षक होऊ शकतो. शिवाय बाजाराच्या भाषेने काही माणसांसाठी खरोखर दार उघडले, हे त्या अर्धांगवायू झालेल्या स्त्रीची गोष्ट विसरू देत नाही. जुनी रचना जपणाऱ्या किती मंडळ्यांनी तिच्यासाठी काही योजले होते, हाही प्रश्न उरतोच.

२९/ म्हणून इतिहासाने हाती दिलेली कसोटी जुने की नवे, ऑर्गन की गिटार, ही नाही. ती जस्टिनच्या वर्णनातच आहे. जमलेल्यांपैकी ‘आमेन’ कोण म्हणतो? न आलेल्यापर्यंत कोण जातो? आणि गोळा झालेले दान शेवटी कुठे पोहोचते : विधवेकडे, कैद्याकडे, परक्याकडे, की पुढच्या रविवारच्या देखाव्याकडे? ग्राहक बाहेर पडताना आपल्याला काय मिळाले हे पाहतो. ‘लितुर्गिया’ हा जुना शब्द मात्र माणसाला विचारतो, तू काय घेऊन आलास?

धागा समाप्त.